जुना विंडोज संगणक घरच्या वायफायवर आणायचा असेल तर

सांगलीत संगणक सहजासहजी मरत नाहीत. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीच्या पट्ट्या अजून जुन्या टॅलीवर निघतात. लग्नपत्रिका करणाऱ्यांचं पेजमेकर आणि श्रीलिपी विंडोज एक्सपीवरच ठाण मांडून असतं. आणि पोराच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला असेंबल सीपीयू कितीतरी घरांत जुन्या चादरीखाली झाकलेला असतो. आता घरात फायबर आलं, राउटर भिंतीवर चढला, सगळे मोबाइल त्यावर चालतात; हा डबा तेवढा नेटविना पडून. त्याला वायफायवर कसं आणायचं ते इथे क्रमाने सांगतो. कंट्रोल पॅनेल कधी उघडलं नसेल तरी चालेल.

जुना संगणक वायफायला लागेना म्हटलं की लोक त्यालाच दोष देतात. फॉरमॅट मारतात, नाहीतर भंगारवाल्याला हाक मारतात. मी पाहतो त्यात अडचण बऱ्याचदा राउटरकडे असते. राउटर नवा, त्याची सुरक्षा पद्धत नवी, आणि वीस वर्षांपूर्वीच्या संगणकाला ती ओळखताच येत नाही. राउटरमध्ये दोन-तीन सेटिंग बदलली की तोच डबा मुकाट्याने जोडला जातो. म्हणून संगणक उघडून बसण्याआधी नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं.

वायर पोहोचत असेल तर वायरच टाका

संगणक आणि राउटर एकाच खोलीत असतील तर वायफायच्या नादी लागू नका. राउटरच्या मागे लॅन लिहिलेली भोकं असतात, सीपीयूच्या मागेही तसंच एक असतं. मधे कॅट-५ई किंवा कॅट-६ वायर लावा, झालं. अशी वायर १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, म्हणजे पुढच्या दुकानातून मागच्या गोदामापर्यंत सहज. पासवर्ड नाही, रेंजची कटकट नाही. वायर टाकणं शक्य असेल त्यांनी पुढचं सगळं सोडून थेट शेवटच्या काही परिच्छेदांकडे जावं.

विंडोज कुठली आहे ते बघा

डेस्कटॉपवरच्या माय कॉम्प्युटर किंवा कॉम्प्युटरवर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीज उघडा. एक्सपी, व्हिस्टा, सेव्हन, जे काही असेल ते तिथे लिहिलेलं असतं. एक्सपी असेल तर त्याखाली सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या सुधारणांचा संच, किती आहे तेही बघा. तो ३ हवा. आजचे राउटर डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या पुढची सुरक्षा वापरतात, आणि एक्सपीला डब्ल्यूपीए२ मुळातून येतं ते २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ पासून. सर्व्हिस पॅक २ असेल तर त्यासाठी वेगळा पॅच घालावा लागतो. त्यापेक्षा सर्व्हिस पॅक ३ च घालून घ्या. विंडोज सेव्हनला डब्ल्यूपीए२ येतं, डब्ल्यूपीए३ येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे राउटरपाशी लागणार आहे.

वायफाय पकडणारा भाग आहे का

लॅपटॉपमध्ये तो असतोच, फक्त बंद असू शकतो. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला सरकवायचं बारीक बटण असतं, नाहीतर वरच्या एफ ओळीतल्या एखाद्या बटणावर अँटेनाचं चिन्ह असतं. ते एफएनसोबत दाबायचं. हे बटण बंद असल्यामुळे दुरुस्तीला आलेले लॅपटॉप थोडेथोडके नसतात.

घरच्या डेस्कटॉपमध्ये मात्र वायफाय सहसा नसतंच. खात्री करायला कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, मग डिव्हाइस मॅनेजर, आणि त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. नावात वायरलेस, डब्ल्यूलॅन किंवा ८०२.११ असं काही दिसलं तर वायफाय आहे. नुसतं रिअलटेक फॅमिली कंट्रोलर किंवा फास्ट इथरनेट असं दिसलं तर ते वायरचं कार्ड. त्या नावावर भुलून बरेच जण वायफायचं चिन्ह शोधत बसतात.

सीपीयूमध्ये आत बसवलेलं वायफाय कार्ड असेल तर मागे अँटेना आहे का तेही पाहून घ्या. पुराच्या दिवसांत सीपीयू घाईने माडीवर न्यायचे म्हणून हा अँटेना फिरवून काढला जातो आणि पुन्हा सापडत नाही. अँटेनाशिवायचं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसतं, पण शेजारच्या खोलीतलं नेटवर्कही धड पकडत नाही.

डोंगल घेताना

वायफाय नसेल तर यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल घ्यावा लागतो. नखाएवढे साधे डोंगल पाचशे रुपयांच्या आसपास मिळतात आणि या कामाला पुरतात. दुकानदार जास्त स्पीडचा, वायफाय सिक्सचा डोंगल पुढे करील. तो घेऊ नका. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, बहुधा विंडोज दहा आणि अकरासाठीच असतात. खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव छापलेलं आहे ना, एवढं वाचा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, १५० एमबीपीएसचा, रिअलटेक ८१८८ ईयूएस चिपचा डोंगल एक्सपीपासून दहापर्यंत चालतो. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२५एन हा त्यातलाच, बऱ्याच दुकानांत असतो.

डोंगल सीपीयूच्या मागच्या यूएसबीत लावा. पुढची भोकं आतून बारीक वायरने जोडलेली असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये त्यांना वीज कमी पोहोचते. पण मागे लावला की तो लोखंडी डब्याच्या आणि भिंतीच्या मधे अडकतो. त्याला उपाय म्हणजे हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर वर ठेवा. एवढ्यानेच रेंजच्या काड्या वाढलेल्या दिसतात.

ड्रायव्हरचं दुखणं

डोंगल लावला की विंडोजने तो ओळखायला हवा. सेव्हन कधी ओळखते, एक्सपी जवळजवळ कधीच नाही. खोक्यात छोटी सीडी येते, पण जुन्या संगणकाचा सीडी ड्राइव्ह आधीच गेलेला असतो. आणि ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवं, नेटसाठी ड्रायव्हर हवा.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या संगणकावर डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर आणायचा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. एक्सएफएटीमधला पेन ड्राइव्ह एक्सपीला जास्तीच्या अपडेटशिवाय वाचता येत नाही. ड्रायव्हर फुकट शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांतली एकही घेऊ नका. ड्रायव्हर एक देतात आणि नको ते दहा सोबत बसवतात.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी वायरने संगणकाला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट वायरमधून संगणकात उतरतं. डेटा पॅकलाही हात लागत नाही. वायर मात्र डेटा वाहणारी हवी, नुसत्या चार्जिंगची नको. विंडोज सेव्हनला हे बहुधा आपोआप कळतं. न कळल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोबाइलपुढे पिवळं चिन्ह दिसेल. त्यावर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, मग यादीतून स्वतः निवडा, नेटवर्क अडॅप्टर्स, मायक्रोसॉफ्ट, आणि रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस. एक्सपीला यासाठी वेगळी फाइल लागते, म्हणून एक्सपीवाल्यांना पेन ड्राइव्हच बरा. तात्पुरतं एखादं काम उरकायचं असेल तर डोंगल न घेता टेदरिंगवरही भागतं.

ड्रायव्हर घालूनही पिवळं चिन्ह जात नसेल तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. विंडोज सेव्हनमध्ये कोड ५२ आला तर ड्रायव्हरची सही नव्या पद्धतीची आहे आणि जुन्या सेव्हनला ती पडताळता येत नाही. अपडेट न केलेल्या सेव्हनमध्ये हे होतंच. शा-२ सहीसाठीचं मायक्रोसॉफ्टचं अपडेट घाला किंवा त्याच डोंगलचा जुना ड्रायव्हर शोधा.

स्वस्तातले काही डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखे दिसतात. ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. ती सीडी उघडून आतलं सेटअप चालवलं की डोंगल खऱ्या रूपात येतो. खराब माल म्हणून परत करायला जाऊ नका.

आता राउटरकडे

राउटरला हात लावण्याआधी एक चाचणी घ्या. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा. त्याच्या सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वायफायची फ्रिक्वेन्सी, २.४ गिगाहर्ट्झ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. नव्या आयफोनवर कमाल सुसंगततेचं, म्हणजे मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटीचं बटण चालू करा. संगणक हॉटस्पॉटला जोडला गेला तर तो निर्दोष आहे, त्याला पुन्हा छळू नका. बदल राउटरच्या सेटिंगमध्येच करायचा.

राउटर मोबाइलच्या ब्राउझरमधूनच उघडतो. त्याच्या तळाला स्टिकर असतो, त्यावर पत्ता, नाव, पासवर्ड छापलेला असतो. पत्ता साधारण १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१. ॲड्रेस बारमध्ये आकडे इंग्रजी टाका. लॉगिन नेटवाल्याने बदललं असेल तर त्याला फोन करा. खाली सांगितलेल्या गोष्टी तो फोनवर ऐकून तिकडूनही करून देऊ शकतो.

सगळ्यात आधी बँड. बहुतेक फायबर राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतात आणि दोन्हींना एकच नाव देतात. जुन्या कार्डाला ५ दिसतच नाही. एकाच नावाखाली कोणता बँड मिळेल हे राउटर ठरवतो, आणि त्या गोंधळात जुनं कार्ड जोडतं-तुटतं करत राहतं. बँड स्टिअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट असं काही दिसेल, ते बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या. नाव इंग्रजीत, साधं, मधे मोकळी जागा न ठेवता. देवनागरीत दिलेलं वायफायचं नाव मोबाइलवर छान दिसतं, एक्सपीत मात्र त्याची चित्रविचित्र अक्षरं होतात.

मग सुरक्षा. डब्ल्यूपीए३ ही पद्धत २०१८ मध्ये आली. राउटर फक्त तिच्यावर असेल तर एक्सपी आणि सेव्हन दोन्ही बाहेर राहतात. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवलं तरी काही जुने ड्रायव्हर अडखळतात. डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस असा पर्याय निवडा. जवळच पीएमएफ किंवा प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स दिसलं तर ते सक्तीचं नको, ऐच्छिक किंवा बंद ठेवा. एवढं करूनही जमेना म्हणून डब्ल्यूईपी या जुन्या सुरक्षा पद्धतीवर मात्र जाऊ नका, आणि पासवर्ड काढून वायफाय उघडंही टाकू नका. डब्ल्यूईपीचं कुलूप काही मिनिटांत फुटतं. एका जुन्या डब्यासाठी घरातले सगळे मोबाइल उघड्यावर आणायचे, हा व्यवहार तोट्याचा.

हे सगळं घरच्या मुख्य नेटवर्कवर करायला मन धजत नसेल, आणि ते बरोबरच आहे, तर गेस्ट नेटवर्क वापरा. बहुतेक नव्या राउटरवर ते असतं. २.४ गिगाहर्ट्झवर, डब्ल्यूपीए२ ठेवून, वेगळ्या नावाने चालू करा आणि त्यावर फक्त जुना संगणक घ्या. मुख्य नेटवर्क आहे तसं कडक राहतं. शिवाय गेस्टवरचा संगणक घरातल्या बाकी यंत्रांना पाहू शकत नाही, हा वरचा फायदा. मी हाच मार्ग आधी सुचवतो.

चॅनेल ही शेवटची खुंटी. भारतात २.४ चे १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या हिशोबाने बनलेली जुनी कार्डं ११ च्या पुढे जात नाहीत. राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला की त्यांच्या लेखी तो गायब. मोबाइलला नेटवर्क दिसतं, संगणकाला काल दिसत होतं आज दिसत नाही, असा प्रकार असेल तर बहुधा हेच. चॅनेल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ वर कायम करा. मोड विचारला तर बी/जी/एन मिश्र ठेवा.

जोडताना

सेव्हनमध्ये खाली उजवीकडच्या काड्यांवर क्लिक करा, नाव निवडा, पासवर्ड घाला. एक्सपीत त्याच जागी नेटवर्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून व्ह्यू अव्हेलेबल वायरलेस नेटवर्क्स घ्यावं लागतं, आणि पासवर्ड दोनदा विचारतात. यादीऐवजी विंडोज हे कनेक्शन सांभाळू शकत नाही असा निरोप आला तर वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन ही सर्व्हिस बंद आहे किंवा डोंगलच्या सॉफ्टवेअरने ताबा घेतलेला आहे. सर्व्हिस चालू करायला कॉम्प्युटर मॅनेजमध्ये सर्व्हिसेस उघडा आणि ती ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. सेव्हनमध्ये तिचं नाव डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग.

डीटीपीच्या, म्हणजे पत्रिका जुळवायच्या मशीनवर कीबोर्ड बहुधा मराठीवर अडकलेला असतो. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे चुकतोय हे कळत नाही. आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहा.

जोडलंय पण नेट नाही

आता सांगलीतली एक खास अडचण. पूर्वी केबलवाल्यांच्या नेटला प्रत्येक घरी ठरलेला आयपी पत्ता हाताने भरून द्यायचे. ते कनेक्शन कधीच गेलं, पत्ता काही वेळा संगणकात तसाच राहतो. नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन वायरलेसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल, आणि आयपी व डीएनएस दोन्ही ऑब्टेन ऑटोमॅटिकली करा. इंटरनेट ऑप्शन्समध्ये लॅन सेटिंग्जखाली जुनी प्रॉक्सी दिसली तर तीही काढा. ब्रॉडबँडचं डायल करायचं जुनं चिन्ह डेस्कटॉपवर असेल तर त्याचं काम आता राउटर करतो, त्याला क्लिक करायची गरज नाही.

वायरलेस कनेक्शनच्या स्टेटसमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पासवर्ड पुन्हा घाला, राउटर बंद करून चालू करा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर जोडणी झाली, अडचण त्याच्या पुढे आहे.

पुढची अडचण म्हणजे बहुतेक वेळा घड्याळ. खाली कोपऱ्यात २००२ दिसत असेल तर जवळजवळ प्रत्येक सुरक्षित साइट प्रमाणपत्राची चूक दाखवून अडेल. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते; घड्याळाच्या दुकानात मिळणारीच गोल बटण बॅटरी, स्वतःही बदलता येते. मेन स्विच बंद करून, वायर काढून बदला आणि तारीख भरा.

तारीख बरोबर असूनही साइट उघडत नसेल तर ब्राउझर जुना आहे. एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोरर ८ च्या पुढे जात नाही आणि आजच्या साइट त्याला दारात उभं करत नाहीत. एक्सपीसाठी फायरफॉक्सची ५२ ईएसआर ही शेवटची आवृत्ती, सेव्हनसाठी क्रोमची १०९ आणि फायरफॉक्सची ११५ ईएसआर. सातबारा बघायचा, पोराचा निकाल बघायचा, एवढं सेव्हनवर यातून होतं. एक्सपीवर कुठली साइट चालेल याचा भरवसा धरू नका.

डोंगलच नको असेल तर

एक्सपीवाल्यांसाठी याहून सोपी वाट आहे. लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडर संगणकाजवळच्या प्लगमध्ये लावा. तो मोबाइलवरून घरच्या वायफायला जोडा आणि त्याच्या लॅन पोर्टमधून वायर सीपीयूला द्या. वायफायचं, सुरक्षेचं, चॅनेलचं सगळं तो बघतो. संगणकाला वाटतं साधी वायर लागली आहे. ड्रायव्हर नको, सर्व्हिस पॅकची चिंता नको. घरात पडलेल्या जुन्या राउटरमध्ये क्लायंट, डब्ल्यूआयएसपी किंवा एक्स्टेंडर मोड असेल तर तोही हेच काम करतो. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींपलीकडे, नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे नखाएवढा डोंगल हात टेकतो, तिथेही हा प्रकार टिकतो. खर्च डोंगलपेक्षा जास्त, डोकेदुखी कितीतरी कमी.

जोडल्यावर काय करू नये

एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला सोडलं, सेव्हनला १४ जानेवारी २०२० ला, आणि दहाची साधी मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्यानंतर सापडलेली भगदाडं सहसा कोणी बुजवत नाही. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तेव्हा बळी पडलेल्यांत अपडेट न केलेले सेव्हनचे संगणक सर्वाधिक होते, आणि मायक्रोसॉफ्टला सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही खास पॅच काढावा लागला. म्हणून या यंत्रावर बँकेचं खातं उघडू नका, जीएसटीचा पासवर्ड टाकू नका. विंडोज फायरवॉल चालू ठेवा, फाइल शेअरिंग बंद करा.

पेजमेकर आणि श्रीलिपीच्या मशीनबद्दल विचाराल तर त्याला नेट देऊच नका. त्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाइली असतात. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दुसऱ्या संगणकावर घेऊन पेन ड्राइव्हने आणायला दोन मिनिटं लागतात. टॅलीच्या मशीनला नेट लागणारच असेल तर गेस्ट नेटवर्क वापरा, आणि रोजचा बॅकअप अशा पेन ड्राइव्हवर घ्या जो काम झाल्यावर काढून ठेवता येतो.

सगळं चालू लागलं की ड्रायव्हरचं फोल्डर डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवा आणि डोंगलचं मॉडेल सीपीयूवर पट्टी चिकटवून लिहा. फॉरमॅट करताना सी साफ होतो, डी राहतो, आणि दुरुस्तीवाल्याला पहिला प्रश्न तोच पडतो.